मॅट्रिकबाईंचा पदवीचा फोटो

आमच्या स्टुडिओत शिरणारं नवं गिऱ्हाईक आधी इकडेतिकडे बघायचं आणि मला विचारायचं, "फोटोग्राफर बाहेर गेलेत का?"

मी म्हणायची, "नाही, तुमच्यासमोर उभ्या आहेत."

यावर काही जण ओशाळून हसत, काही "नंतर येतो" म्हणून जात ते कायमचे. उरलेले मुकाट्याने पंख्याखालच्या खुर्चीत बसत. त्या उरलेल्यांवर आमचं घर उत्तम चाललं, तेव्हा तक्रार नाही.

शनिवार पेठेतला हा स्टुडिओ माझ्या सासऱ्यांचा. आमचे हे बँकेत. सहीतला फरक चार हातांवरून ओळखतील, पण कॅमेरा हातात दिला की माणसांची डोकी कापली जायची. शेवटी मामंजींनीच एक दिवस मला हाक मारली आणि म्हणाले, "सूनबाई, तुमचा हात थरथरत नाही. या इकडे." ती माझी नेमणूक. पुढे मामंजी थकले, स्टुडिओ माझ्याकडे आला, आणि आता माझेही गुडघे थकल्यावर तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा एक हसतमुख गृहस्थ बसतो. लग्नं, मुंजी, पासपोर्ट, सगळं केलं. पण माझा जीव रमला तो पदवीच्या फोटोंत.

नव्वदीनंतरच्या पुण्यात पदव्यांना तोटा नव्हता. जिकडेतिकडे इंजिनिअरिंगची कॉलेजं निघाली होती, कॉम्प्युटरच्या क्लासचे फलक आमच्या गल्लीपर्यंत पोहोचले होते. पदवीदान समारंभ झाला की आठवडाभर आमच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. काळा झगा, गोंड्याची टोपी आणि खांद्यावरची रंगीत पट्टी आम्ही स्टुडिओतच ठेवलेली असे. हातात धरायला रिबीन बांधलेली कागदाची भेंडोळीही असे. तिच्यात जुन्या कॅलेंडरचं पान होतं, हे आता सांगायला हरकत नाही. मात्र मामंजींचा एक नियम होता. पदवीचं प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झगा अंगावर घालू द्यायचा नाही. "हा नाटकातला कपडा नाही," असं ते म्हणत. तो नियम मी शेवटपर्यंत पाळला.

बाकी बाबतीत मात्र आमचं पटायचं नाही. मामंजींनी स्वतःच्या हातांनी पुस्तकांच्या कपाटाचा पडदा रंगवला होता. त्याच्यापुढे मुलाला ताठ उभं करायचं, हनुवटी जरा खाली, नजर भिंगात, आणि श्वास रोखून ठेवायचा. फोटोतला प्रत्येक मुलगा नुकताच शिक्षा ऐकून आल्यासारखा दिसायचा. मी एकदा म्हटलं, "मामंजी, एवढं शिकून माणूस जरा खूश दिसायला नको का?" ते म्हणाले, "पदवीचा फोटो हा पुरावा असतो. पुराव्यात हसायचं कशाला?"

ते स्टुडिओत यायचे थांबल्यावर मी तो पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि साधा राखाडी कापडी पडदा लावला. मग माझे प्रयोग सुरू झाले. लोकांना वाटतं, सहज फोटो म्हणजे सहज काढलेला फोटो. तसं नसतं. कॅमेऱ्यासमोर माणूस आपला चेहरा घट्ट आवळून धरतो, जशी बायका गर्दीत पर्स धरतात. तो सोडवायचा म्हणजे त्याचं लक्ष दुसरीकडे हवं. मी पहिले दोन-तीन फ्लॅश नुसतेच उडवायची, फिल्म खर्च न करता. फोटो झाला असं वाटलं की माणूस श्वास सोडतो, खांदे खाली येतात, आणि तेव्हा मी खरं बटण दाबायची. आणि बोलत राहायची. काय बोलायचं हे माणसागणिक वेगळं.

यवतमाळकडचा एक इंजिनिअर मुलगा आला होता. हसायला तयारच नाही. म्हणाला, "नाही मॅडम, हासतानाचा नको. आई म्हणन, पोरगा पुण्याले शिकाले गेला होता का मजा कराले?" मी म्हटलं, "बरं, नका हसू. फोटो घरात कुठे लावणार ते सांगा." तो सांगायला लागला. टीव्हीच्या वर मोठ्या काकांचा फोटो आहे, तो काढायची कुणाची हिंमत नाही, त्यामुळे आई आता काकांनाच जरा सरकवायच्या विचारात आहे. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांसमोर ती भिंत, ते काका आणि ती आई आली असणार. ओठ मिटलेलेच होते, पण डोळे हसत होते. तो फोटो त्याच्या आईला चालला. काका सरकले की नाही, ते कळलं नाही.

तर असं एकंदर चाललेलं असताना कसबा पेठेतलं ते कुटुंब आमच्याकडे आलं.

तांबट आळीतले अण्णा. त्यांना सगळी आळी अण्णाच म्हणायची, तेव्हा मीही तेवढंच लिहिते. पिढीजात तांब्याची भांडी घडवणारे. पूर्वी पाणी तापवायचे बंब करायचे. मग घरोघरी गिझर आले आणि बंबांचं काम बसलं. पुढे आयटीतल्या लोकांना फ्लॅटच्या हॉलमध्ये शोभेला तांब्याची घंगाळी ठेवायची हौस आली आणि अण्णांचं काम पुन्हा उठलं. "पूर्वी लोक आंघोळीला घ्यायचे, आता बघायला घेतात," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. त्यांचा मुलगा प्रशांत इंजिनिअर झाला होता. त्याचा फोटो काढायला तो, अण्णा आणि अण्णांच्या पत्नी सुमनताई, असे तिघे आले.

प्रशांतचा फोटो काही माझ्या मनासारखा निघाला नाही, कारण अण्णा कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून "सरळ बस, इकडे बघ, दात नको" अशा सूचना देत होते. पण त्या दिवशीचं मला आठवतं ते सुमनताईंचं. काम झाल्यावर प्रशांतने झगा काढून खुर्चीवर टाकला, तो त्यांनी उचलला, झटकला, नीट घडी घातली आणि मला हळूच विचारलं, "ताई, बायकांना पण हाच असतो?"

"हाच असतो."

"वेगळं काही नाही?"

"टोपीसुद्धा हीच."

"हं," म्हणाल्या, आणि झगा माझ्या हातात दिला.

प्रशांत आधी हिंजवडीला नोकरीला लागला, मग अमेरिकेला गेला. त्यानंतर बऱ्याच काळाने एका दुपारी सुमनताई एकट्याच आल्या. हातात कापडी पिशवी. दार लोटून घेतलं, पिशवीतून प्लॅस्टिकच्या आवरणातला एक कागद काढला आणि काउंटरवर माझ्यासमोर ठेवला. बी. ए., विषय मराठी, द्वितीय श्रेणी. खाली त्यांचं नाव.

मी कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"दाखवावा लागतो ना?" त्या म्हणाल्या. "प्रशांतच्या वेळी तुम्ही मागितला होता."

मी त्यांना आत बसवलं, चहा सांगितला. चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. लग्न झालं तेव्हा त्यांची मॅट्रिक राहिली होती. प्रशांत शाळेत जायला लागल्यावर त्यांनी अण्णांना विचारून, फॉर्म भरून, मॅट्रिकची परीक्षा दिली आणि इंग्रजीत नापास झाल्या. अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही, गंमत वाटली. दुकानात कारागिरांसमोर ते त्यांना हाक मारायला लागले, "अहो मॅट्रिकबाई, चहा टाकता का?" कारागीर हसले. मग शेजारी म्हणायला लागले. बघता बघता ते त्यांचं आळीतलं नाव झालं. नळावर, हळदीकुंकवाला, गणपतीच्या वर्गणीला, सगळीकडे मॅट्रिकबाई.

"ते वाईट नाहीत हो," सुमनताई म्हणाल्या. "एक शब्द कधी वावगा बोलले नाहीत. गंमत करायचे. पण मी तेव्हाच ठरवलं, पुन्हा शिकेन तर कुणाला न सांगता. पास झाल्याशिवाय तोंड उघडणार नाही."

सदाशिव पेठेत त्यांची बहीण राहायची. आठवड्यातून दोन दुपारी भजनी मंडळाला जाते असं सांगून सुमनताई बहिणीकडे अभ्यासाला जायच्या. मॅट्रिक झाली, बारावी झाली, मग बाहेरून बी. ए. सगळे कागद बहिणीच्या पत्त्यावर यायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, पुढच्या परीक्षेत नापास झाले तर? करता करता शेवटची परीक्षाही झाली.

"मग आता सांगा की," मी म्हटलं.

"तेच तर जमत नाही. जेवायला वाढताना रोज ठरवते. तोंडापर्यंत येतं आणि मी विचारते, आमटी वाढू का?"

झगा घातल्यावर त्या खुर्चीत अशा बसल्या, जसं माणूस दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत बसतं. मी रिकामे फ्लॅश उडवले, काही उपयोग झाला नाही. गप्पा मारल्या, हो-नाही अशी उत्तरं आली. सारखं लक्ष दाराकडे. आणि दोन्ही हात झग्याच्या बाह्यांत आत ओढून घेतलेले. चिंच लावून तांबं घासून घासून त्यांची बोटं काळपट झाली होती, नखांच्या कडा हिरवट. मी म्हटलं, "सुमनताई, हात बाहेर घ्या. मांडीवर ठेवा."

"नको हो. हे कशाला फोटोत?"

"का? तुमचेच आहेत ना?"

त्यांनी हात बाहेर काढले, उलटेसुलटे करून स्वतःच पाहिले आणि म्हणाल्या, "आहेत माझेच. पण हे काही बी. ए. झालेले नाहीत."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या इतक्या हसल्या की टोपी कलंडली. तो फोटो. टोपी वाकडी, एक बट कपाळावर, मांडीवर ते दोन काळपट हात, आणि हसू असं, की बघणाऱ्याला वाटावं आपल्यालाच काहीतरी चांगलं सांगितलं गेलंय. मी आयुष्यात पुष्कळ फोटो काढले. त्यातल्या अगदी थोड्यांबद्दल मला वाटतं की ते मला पुन्हा काढता येणार नाहीत. हा त्यातला.

फोटो घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, "ताई, हा शोकेसमध्ये लावाल?"

"आनंदाने लावीन. पण रस्त्यावरून सगळी दुनिया जाते."

"दुनियेचं नाही हो. हे रोज संध्याकाळी ओंकारेश्वराला जातात, इथूनच. बघतील. म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

मी तो मोठा करून, फ्रेम घालून, काचेच्या अगदी मध्यावर लावला. दोन्ही बाजूंना नवरानवरी आणि मधे झगा घातलेल्या सुमनताई. आणि त्याच संध्याकाळी अण्णा समोरून गेले. टोपी, कोट, हातात फुलाची पुडी, नजर सरळ. काचेकडे ढुंकूनही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. रस्त्यात खड्डा असेल तर तो चुकवायचे, रिक्षा आली तर थांबायचे, पण मान म्हणून वळायची नाही.

सुमनताई दोन दिवसांआड यायच्या. दारातूनच विचारायच्या, "पाहिला का हो?"

"नाही अजून."

"बल्ब लावा ना वरती एक."

मी बल्ब लावला. मग फोटो मध्यावरून उजवीकडे हलवला, येताना नाही तर जाताना तरी दिसेल म्हणून. काही नाही. जो दिसायला हवा होता त्यालाच दिसत नव्हता, बाकीच्यांना मात्र दिसायला लागला. त्यांच्या आळीतले एक निवृत्त पोस्टमास्तर एके सकाळी आत आले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "काय हो, ही आमची मॅट्रिकबाई ना? कुठल्या नाटकात काम केलंन्?"

मी म्हटलं, "नाटक नाही. बी. ए. झाल्यात."

मास्तरांचा चष्मा खाली आला. "अण्णा काही बोलला नाही तो?"

"त्यांनाच विचारा," असं माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. म्हटलं, "मास्तर, एक उपकार करा. थोडे दिवस कुणाला बोलू नका. अण्णांना तर नकोच."

"मी पोस्टात होतो बाई. दुसऱ्याचं पाकीट फोडायची सवय नाही मला," असं म्हणून ते ताठ मानेने गेले. पण मास्तरांनी पाहिला म्हणजे आणखी चौघे पाहणार. मी सुमनताईंना सांगितलं आणि म्हटलं, "फोटो उतरवू का? दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर अण्णांना लागेल."

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "उतरवू नका. एवढ्या वर्षांनी वर चढलाय तो. मी बघते काहीतरी."

प्रशांतने दोघांना अमेरिकेला बोलावलं होतं. व्हिसासाठी फोटो लागणार होते. अण्णा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पाच मिनिटांत काढून येणार होते, पण सुमनताईंनी हट्ट धरला, की फोटो काढायचे ते आमच्याचकडे. त्यांनी मला फोन करून सांगितलं, "उद्या पाठवतेय. पुढचं तुमच्यावर."

पुढचं माझ्यावर म्हणजे काय, ते मला कळेना. अण्णा आले, पण फोटोकडे पाठ करून, छत्री मिटत मिटत, सरळ आत. मी त्यांना बसवलं. व्हिसाच्या फोटोत हसायला मनाई असते, त्यामुळे त्या बाबतीत अण्णांचं काम चोख झालं. एक शब्दही इकडचा तिकडचा नाही. उठले, "केव्हा मिळतील?" विचारलं आणि बाहेर पडले. मला वाटलं, हीही संधी गेली.

पण बाहेर भुरभुर पाऊस होता. छत्री उघडायला अण्णा आमच्या पायरीवर, काचेला तोंड करून थांबले. छत्रीची काडी अडकली होती. ती सोडवताना त्यांची मान वर झाली. मी आतून काचेमधून पाहत होते. फोटोच्या पाठीशेजारी मला अण्णांचा चेहरा दिसत होता. आधी तो नुसताच होता. मग त्यावर हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. ते काचेच्या जवळ आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. छत्री अर्धी उघडी तशीच राहिली आणि पाणी त्यांच्या कोटावर पडत होतं.

ते आत आले.

"बाई, काचेतला तो फोटो कुणाचा?"

"तुम्हाला कुणाचा वाटतो?"

"वाटायचंय काय त्यात? माझ्या बायकोचा आहे." मग थांबून म्हणाले, "हौस म्हणून घातलाय का तो झगा?"

"अण्णा, प्रशांतच्या वेळी मी तुमच्याकडे काय मागितलं होतं, आठवतंय? कागद पाहिल्याशिवाय मी झगा देत नाही. बी. ए. आहेत त्या. मराठी घेऊन."

अण्णा पंख्याखालच्या खुर्चीत बसले. छत्रीतून पाण्याचा ओघळ फरशीवर गेला. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "भजनाला जाते म्हणायची. एवढी वर्षं भजन शिकली आणि घरात एकदा गुणगुणली नाही. मी म्हटलं, आवाज नसेल."

मला हसू आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून ते आतच राहिलं. कारण माणूस दुखावला होता.

"मला का नाही सांगितलं तिने? मी नको म्हटलं असतं का?"

"नको म्हटलं नसतंत."

"मग?"

कुणाच्या घरात किती बोलावं याला मर्यादा असते. पण सुमनताईंनी पुढचं माझ्यावर सोपवलं होतं. म्हटलं, "मॅट्रिकबाई म्हणायचात ना तुम्ही त्यांना?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "गंमत होती ती."

"तुमची होती."

त्यांनी मान खाली घातली. बोटांनी छत्रीची ती अडकलेली काडी चाचपत राहिले. फोटोत मी माणसाचा चेहरा सैल व्हायची वाट बघायची, पण त्या दिवशी समोर जे दिसत होतं ते कॅमेऱ्यात घ्यावंसं मला वाटलं नाही.

उठताना म्हणाले, "फोटो उतरवू नका. आणि मी पाहिला हे तिला सांगू नका."

"अण्णा, अहो त्या बिचाऱ्या रोज..."

"थोडे दिवस. तिने मला एवढी वर्षं सांगितलं नाही, तुम्हाला थोडे दिवस जमेल."

झालं. म्हणजे आधी बायकोचं नवऱ्याला सांगायचं नव्हतं, आता नवऱ्याचं बायकोला, आणि दोघांच्या मधे मी. दुसऱ्याच दिवशी सुमनताई धावत आल्या. "आले होते ना? पाहिला?" मी म्हटलं, "फोटो काढून गेले." खोटं नव्हतं, पण माझा मलाच राग आला. त्यांचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "ताई, त्यांना कुठून तरी कळलंय. बोलत नाहीत. जेवतात आणि खाली जातात. दुकानाचं दार आतून लावून काहीतरी ठोकत बसतात. विचारलं तर म्हणतात, ऑर्डर आहे. रागावलेत ते."

"रागावले असते तर बोलले असते," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही माहीत. ते रागावले की भांड्याला ठोके बारीक पडतात. मला वरती ऐकू येतं."

मी कपाटातली निगेटिव्हची पाकिटं उगाचच लावायला घेतली, कारण त्यांच्याकडे बघत राहिले असते तर शब्द मोडला असता.

मग एका शनिवारी अण्णा दारात आले. आत न येताच म्हणाले, "उद्या सकाळी घरी या. कॅमेरा आणा. आणि तो काचेतला फोटो पण."

रविवारी मी चालतच कसब्यात गेले. एरवी आळीत शिरलं की ठोक्यांचा आवाज कानात बसतो, त्या दिवशी सुट्टी म्हणून शांत होतं. खाली अण्णांचं दुकान, बाजूने अरुंद जिना, वर घर. जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर काहीतरी टांगलेलं होतं आणि त्यावर पंचा टाकलेला होता. पोस्टमास्तर आधीच येऊन ओट्यावर बसले होते. अण्णांनी वर हाक मारली, "जरा खाली या."

सुमनताई ओले हात पदराला पुसत खाली आल्या. मला पाहून गोंधळल्या. माझ्या हातातली फ्रेम पाहिली आणि त्यांच्या तोंडावरचा रंगच गेला. अण्णांनी काही प्रस्तावना केली नाही. पंचा ओढला.

तांब्याची पाटी होती. जाड पत्र्यावर अक्षरं ठोकून उठवलेली, भोवती बारीक मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची सारखी नक्षी, उन्हात चमचमणारी. त्यावर लिहिलं होतं:

तांब्या-पितळेचे काम तळमजल्यावर.
सौ. सुमन, पदविधर, पहिल्या मजल्यावर.
जिन्यात थांबू नये.

सुमनताईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मास्तरांनी घसा खाकरला. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभी होते आणि भिंगातून त्यांच्या डोळ्यांत पाणी भरताना मला दिसत होतं. आता रडतील असं वाटलं. तेवढ्यात त्यांच्या कपाळाला आठी पडली, बोट पुढे आलं आणि पाटीवर टेकलं.

"अहो, 'पदवीधर'मधला 'वी' दीर्घ असतो."

अण्णा पाटीकडे बघायला लागले. "दीर्घ?"

"दीर्घ. तुम्ही ऱ्हस्व काढलाय."

"एवढे दिवस दार लावून ठोकत होतो," अण्णा म्हणाले. "विचारणार कुणाला? ज्याला येतं त्याच्यापासूनच लपवायचं होतं." मग पत्र्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "तांबं आहे. यात खाडाखोड होत नाही आता."

आधी मास्तर हसले. मग सुमनताई. तोंडावर पदर धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतलं पाणी गालांवर आलेलं, आणि हसू थांबेचना. अण्णा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते. पण त्यांनी सुमनताईंना गप्प केलं नाही.

"हसा," म्हणाले. "पोटभर हसा. तुमची पाळी आहे."

मी तेव्हा बटण दाबलं. एकाच फोटोत दोघं: त्या हसताहेत आणि हे बघताहेत. कुणाला सरळ बसायला सांगायची गरज पडली नाही.

वरती पोहे झाले. काचेतला फोटो अण्णांनी स्वतः खिळा ठोकून प्रशांतच्या फोटोशेजारी लावला. पुढे दोघं अमेरिकेला जाऊन आली. परत आल्यावर सुमनताई आळीतल्या मुलांना मराठी शिकवायला लागल्या आणि 'मॅट्रिकबाई' मागे पडून त्यांचं 'बाई' झालं. आता दोघंही थकली आहेत. अण्णांनी एकदा नवी पाटी करायला घेतली होती, दीर्घ 'वी'ची. सुमनताईंनी ती करू दिली नाही. कसब्यात कधी गेलात तर बघा, जिन्याच्या तोंडाशी जुनीच आहे. ऱ्हस्वासकट.